गेलेले दांत व राहिलेले दांत

‘द्विज’ ह्या शब्दाचे अर्थ संस्कृत कोशांत तीन सांपडतात: ब्राह्मण, पक्षी व दांत. तिघांचाही जन्म दोनदां होतो म्हणून तिघांस एकच नांव. पक्षी अंड्यांतून फिरून जन्मतो, ब्राह्मण मुंजींत फिरून जन्मतो, आणि दुधाचा दांत पडून त्याच्या जागीं कायमचा दांत येतो. पांचवीच्या वर्गांत हा शब्द फळ्यावर लिहिला कीं मुलें हंसत, कारण त्यांतील कित्येकांच्या तोंडांत त्या वेळीं खिडक्या पडलेल्या असत. आतां आमच्या वयाच्या मंडळींच्या तोंडांत तशाच खिडक्या आहेत. त्या बुजवावयास मात्र निसर्ग येत नाहीं. तिसऱ्या जन्माचें काम दंतवैद्याकडे व त्याच्या पाठीमागें बसलेल्या कारागिराकडे आहे.

सबंध बोळकें झाल्यावर जी पूर्ण कवळी लागते तिच्याविषयीं लोकांस थोडीफार माहिती असते. चार गेले, आठ गेले, बाकीचे शाबूत आहेत, अशा मधल्या अवस्थेविषयीं मात्र घरोघर मोठें अज्ञान व त्याहून मोठी टाळाटाळ दिसते. “सगळे पडूं द्या, मग एकदमच कवळी करूं,” हें वाक्य आम्हीं जळगांवांत व धुळ्यांत इतक्या ओसऱ्यांवर ऐकलें आहे कीं, तें एखाद्या स्मृतिग्रंथांतील वचन असावें असें वाटूं लागतें. प्रत्यक्षांत असें थांबण्यानें काय होतें तें पाहावें. दांत हे परस्परांच्या आधारानें उभे असतात. एस. टी. च्या बांकावरून एक उतारू उठला कीं दुसरे दोघे जसे ऐसपैस होतात, तसा गेलेल्या दांताचा शेजारी रिकाम्या जागेकडे कलतो. समोरच्या जबड्यांतील त्याचा जोडीदार, चावावयास कांहीं न उरल्यामुळें, त्या पोकळींत हळूहळू उतरूं लागतो. जेथें दांत नाहीं तेथील हाड झिजून हिरडीचा कांठ बसत जातो. दाढा गेल्या म्हणजे दळण्याचें काम समोरच्या दांतांवर पडतें; तें काम त्यांचें नव्हे, म्हणून तेही हलूं लागतात. पांच वर्षें वाट पाहणारा मनुष्य ह्या रीतीनें पांच दांतांच्या जागीं दहा घालवून बसतो.

आपल्या पुराणांतील पहिला दंतहीन म्हणजे पूषा. दक्षाच्या यज्ञांत शंकराची निंदा चालली असतां हा दांत दाखवून हंसला, म्हणून पुढें वीरभद्रानें त्याचे दांत पाडले. भागवतांत त्याची व्यवस्था अशी लागते कीं, त्यानें यजमानाच्या दांतांनीं खावें, एरवीं पीठ खाऊन राहावें. चरकसंहितेंत मात्र अश्विनीकुमारांच्या पराक्रमांत पूषाचे मोडलेले दांत बरे केल्याचा उल्लेख आहे. सुश्रुतानें मुखरोगांची संख्या ६५ दिली व दांतांच्या मुळांशीं होणारे रोग वेगळे गणले. वरचा दांत हलत असला तरी उपटूं नये, कारण फार रक्त जाऊन अंधत्व किंवा अर्दितवात येतो, असेंही तो बजावतो. वरची दाढ काढली कीं डोळे जातात ही जी भीति आजही आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बायका घालतात, तिचा उगम इतका जुना असावा. रक्त थांबविण्याचीं साधनें नव्हतीं त्या काळीं तो इशारा शहाणपणाचा होता. आज त्या भीतीनें कुजकी दाढ तोंडांत सांभाळण्यांत अर्थ नाहीं. दाढेचा व दृष्टीचा संबंध नाहीं.

यजमानाच्या दांतांनीं खाण्याची कल्पना वाचकांस हास्यास्पद वाटेल, परंतु युरोपानें ती अक्षरशः अमलांत आणिली. १८१५ सालच्या वॉटर्लूच्या रणभूमीवर पडलेल्या तरुण शिपायांचे दांत उपटून ते श्रीमंतांच्या कवळ्यांत बसविले गेले, व पुढें कित्येक वर्षें अशा मालास ‘वॉटर्लूचे दांत’ हेंच नांव राहिलें. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन ह्यांची कवळी लांकडाची होती अशी दंतकथा आहे (येथें ‘दंतकथा’ हा शब्द आम्ही मुद्दाम योजीत आहों). वस्तुतः तींत पाणघोड्याचे हस्तिदंतासारखे दांत, मनुष्याचे दांत, शिसें इत्यादि पदार्थ होते. खरी लांकडी कवळी जपानांत झाली. १५३८ सालीं वारलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची तशी कवळी आजही उपलब्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गंधक घालून कठीण केलेलें रबर, म्हणजे व्हल्कनाइट, आलें व मध्यमवर्गाच्या तोंडांत प्रथमच कवळी गेली. १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिक आलें. हिरडीच्या रंगाची जी गुलाबी पट्टी आपण आज पाहतों ती त्याचीच. आपल्याकडे कलकत्त्यास डॉ. रफीउद्दीन अहमद ह्यांनीं १९२० सालीं पहिलें दंत महाविद्यालय काढलें, मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ सालीं निघालें. खानदेशांतील मनुष्यास दांत बसविण्यासाठीं मुंबईची गाडी धरावी लागे तो काळ आतां गेला. धुळ्यास ए. सी. पी. एम. दंत महाविद्यालय आहे आणि जळगांवांत तर कोणत्याही मोठ्या रस्त्यानें चाललें असतां दांताचें चित्र काढलेली पाटी दृष्टीस पडतेच.

आतां मूळ विषय. काढतां-घालतां येणाऱ्या ह्या अर्ध्या कवळीस दवाखान्यांत ‘पार्शल’ म्हणतात. तिची अडचण अशी कीं ती तयार विकत मिळूं शकत नाहीं, व ह्याचें कारण गणितांत आहे. अक्कलदाढा धरून एका जबड्यांत सोळा दांत. प्रत्येक दांत एक तर आहे किंवा नाहीं. दोनाचा सोळावा घात केला म्हणजे ६५,५३६ प्रकार होतात. सर्व असलेला व सर्व गेलेला हे दोन वजा केले तरी ६५,५३४ उरतात. एवढ्या जंगलांत वाट काढण्यासाठीं एडवर्ड केनेडी नामक अमेरिकन दंतवैद्यानें १९२५ सालीं सर्व प्रकार चार वर्गांत बसविले, व तीच विभागणी अद्याप शिकविली जाते. तिचें मर्म एका प्रश्नांत आहे: रिकाम्या जागेच्या पाठीमागें दांत उरला आहे कीं नाहीं?

उरला असेल तर दोन्हीं टोकांस खांब आहेत असें समजावें. पट्टी त्यांवर टेकते व चावण्याचा भार दांतांच्या मुळांतून हाडांत जातो. मागें कांहींच उरलें नसेल, विशेषतः दोन्ही बाजूंच्या दाढा गेल्या असतील, तर प्रसंग कठीण. पट्टीचा पुढचा भाग दांतावर व मागचा भाग नुसत्या हिरडीवर टेकतो. दांत आपल्या खोबणींत जवळजवळ दबत नाहीं. हिरडी मऊ, ती दबते. ज्यांनीं तापीकांठच्या काळ्या मातीवर घर बांधलें आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. अर्धा पाया खडकावर व अर्धा काळींत घेतला तर भिंत कोठें फुटते तें गवंडीही सांगेल. येथें भिंतीच्या जागीं शेवटचा दांत असतो. पट्टी मागें दबली कीं तो हेलकावे खातो व कांहीं वर्षांत सैल होतो. म्हणून अशा ठिकाणीं पट्टी रुंद घ्यावी लागते, तारेची मिठी जपून द्यावी लागते आणि हाड झिजल्यावर खालून भर घालून ती पुन्हा हिरडीशीं बसती करावी लागते.

आमची वडील भगिनी, अक्का, धुळ्यास असते. वय ७३. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा व उपदाढा गेलेल्या, समोरचे सहा दांत तेवढे उभे. वर डावीकडे दोन दाढा व समोरचा एक दांत नाहीं. तीन वर्षांपूर्वीं ती सर्वांच्या मागून जेवूं लागली. घरांत कोणास संशय आला नाहीं, कारण बायकांनीं मागून जेवावें ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. कळण्याची भाकरी वरणांत कुसकरून ती भिजेपर्यंत बसून राहायचें, हें ती एकटीच असतांना होत असे. काकडी सुटली, शेंगदाण्याची चटणी सुटली, मेथीची भाजी सुटली. मग लग्नामुंजींस जाणें सुटलें, आणि बोलतांना पदर तोंडाशीं येऊं लागला. वजन उतरलें तेव्हां भाच्यांनीं रक्ताच्या तपासण्या केल्या. साखर पाहिली, थायरॉइड पाहिलें, सर्व ठीक निघालें. “आजी, जरा तोंड उघडा बघूं,” असें शेवटीं एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं म्हटलें तेव्हां उलगडा झाला. त्याच घरांत अक्काच्या थोरल्या चिरंजीवांनीं आदल्या वर्षीं आपल्या एका दाढेच्या जागीं इंप्लांट बसवून घेतलें होतें, हें येथें नमूद केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

आम्हीं विषय काढला. ती म्हणाली, “आतां मला काय करायचे आहेत रे दांत? किती दिवस राहिले?”

“जितके राहिले तितके दिवस जेवशील कीं नाहीं, अक्का?”

त्यावर ती गप्प बसली. परंतु तिचा खरा आक्षेप दुसऱ्या दिवशीं बाहेर आला. तोंडांतून काढलेली वस्तु फिरून तोंडांत घालायची, तें उष्टें नव्हे काय? ती ठेवायची कोठें? आणि ती असते कशाची? आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हे प्रश्न निघतात व तरुण मंडळी ते हंसण्यावारी नेतात, तें बरें नव्हे. झांकणाची एक डबी न्हाणीघरांतील फळीवर ठेवावी. स्वयंपाकघराशीं तिचा संबंध नको. स्वतःच्या दंतमंजनाचा ब्रश जितका उष्टा तितकीच ही. पट्टी पूर्वीं प्राण्यांच्या दांतांची करीत, आतां ती राळेसारख्या कृत्रिम पदार्थाची असते. मापासाठीं तोंडांत जो लगदा भरतात त्याची पूड समुद्रांतील शेवाळापासून काढलेली असते. शेवाळ हें ऐकून अक्कानें नाक मुरडलें, परंतु मान हलविली.

जळगांवांत आमचाच एक जुना विद्यार्थी दंतवैद्य आहे. पारोळा-एरंडोलवरून नव्वद किलोमीटरांच्या आसपासचा हा रस्ता ह्या कामीं पांचसहा वेळां तुडवावा लागतो, म्हणून अक्काला आमच्याकडेच राहावयास आणिलें. त्यानें प्रथम जें सांगितलें तें ऐकून आम्हांस त्याचा अभिमान वाटला. तो म्हणाला, “सर, प्रत्येक गेलेली दाढ बसवायलाच पाहिजे असं नाही. समोरचे आणि उपदाढा मिळून वीस दांत चांगले असले तर पुष्कळ माणसं सुखानं जेवतात.” हॉलंडांतील कायसर ह्या दंतवैद्यानें १९८१ सालीं हा विचार पुढें मांडला, आणि जपाननें १९८९ पासून ऐशीव्या वर्षीं स्वतःचे वीस दांत शिल्लक ठेवण्याची मोहीम चालविली आहे. शेवटची एखादी दाढ गेली म्हणून जो तुम्हांस ताबडतोब पट्टी विकूं पाहतो त्याच्याकडून उठून यावें. अक्काच्या खालच्या जबड्यांत मात्र सहाच दांत होते, तेव्हां प्रश्न उरला नाहीं.

पर्याय असे. सर्व ॲक्रिलिकची पट्टी सर्वांत स्वस्त, चटकन होणारी, मोडली तर जोडतां येणारी, पुढें आणखी एक दांत गेला तर त्यांत भर घालतां येणारी. परंतु बहुधा ती हिरडीवरच बसते व दांतांच्या कडेची हिरडी रगडून खालीं ढकलते. ती कांहीं महिन्यांच्या सोईसाठीं योग्य, जन्मभरासाठीं नव्हे. दुसरी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची ओतींव सांगाड्याची. ही पातळ व मजबूत असते. तिचे लहान टेकू दांतांवर कोरलेल्या उथळ खांचांत बसतात, म्हणून भार हिरडीवर न पडतां दांतांवर जातो. खर्च बराच अधिक, व हंसतांना धातूची मिठी क्वचित् दिसते. तिसरी नायलॉनची लवचीक. धातू दिसत नाहीं म्हणून तरुण स्त्रियांस आवडते, परंतु तीही हिरडीवरच टेकते व तिची डागडुजी कठीण. बाकी पक्का ब्रिज आहे, पण त्यास शेजारचे चांगले दांत तासावे लागतात व पाठीमागें दांत लागतो. इंप्लांट आहे, त्यास पुरेसें हाड, शस्त्रक्रिया, आणि पैसा लागतो. मधुमेह आटोक्यांत नसेल अथवा तंबाखू सुटत नसेल तर तें टिकण्याचा भरंवसा कमी. दंत महाविद्यालयांत हींच कामें विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखालीं करतात. तेथें पैसे कमी व फेऱ्या अधिक लागतात. ज्यांच्यापाशीं वेळ आहे अशा आमच्यासारख्या निवृत्तांस तो सौदा महाग नाहीं.

अक्कासाठीं खालीं धातूची व वर तूर्त ॲक्रिलिकची ठरली. आधीं दांतांवरील कीट काढलें, एक कुजकें मूळ उपटलें व जखम भरेपर्यंत कांहीं आठवडे थांबलों. मग माप, मापावरून दगडी साचा, साच्यावर मेणाचा कांठ घालून दोन्ही जबडे कसे मिटतात त्याची नोंद, दांतांच्या रंगाची निवड. येथें विद्यार्थ्यानें अक्कासमोर रंगांची पट्टी धरली, तेव्हां तिनें सर्वांत पांढरा न निवडतां आपल्या उरलेल्या दांतांशीं जुळणारा पिवळसर निवडला. आमच्या भाच्यास मात्र पांढरा हवा होता. मेणांत बसविलेले दांत प्रथम तोंडांत घालून पाहावयाचे असतात. त्या वेळीं आरसा मागून घ्यावा, बोलून पाहावें, नापसंत असेल तें तेव्हांच सांगावें. मेण उकळून काढून त्याच्या जागीं ॲक्रिलिक भरून शिजविल्यावर बदल करणें जड जातें.

उच्चाराविषयीं दोन शब्द लिहिण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. आपल्या शिक्षाशास्त्रांत त-वर्ग, ल व स ह्यांचें स्थान दांत सांगितलें आहे आणि व हा दांत व ओठ मिळून होतो. मराठींत तर ‘चमचा’ व ‘जहाज’ ह्यांतील च, ज हेही दांतांजवळचे. समोरचा एक दांत गेला कीं ही सारी पंक्ति विस्कटते. स शिटी मारतो, व ओला होतो. पट्टी घातल्यावर पहिले कांहीं दिवस उलट त्रास होतो, कारण टाळूवर जिभेस अनोळखी जाडी लागते. उपाय एकच, मोठ्यानें वाचणें. अक्कानें रामरक्षा रोज दोनदां मोठ्यानें म्हटली व एक आठवडाभर आमच्या नातवास वर्तमानपत्र वाचून दाखविलें. तो शेजारच्या मुलांस सांगत सुटला कीं आजी बातम्या देते.

तरीही पंधरवडाभर ती पट्टी डबींतच पडून होती, हें लिहिलें पाहिजे. जिभेच्या बाजूस एके ठिकाणीं बोचून फोड आला, आणि “मीं म्हटलेंच होतें” असें म्हणून तिनें डबीचें झांकण लाविलें. खानदेशांतील किती कपाटांत असे दांत बंद असतील कोण जाणे! टोंचणें हें बहुधा अपयशाचें लक्षण नसतें. दंतवैद्याकडे फिरून जावें व जाण्यापूर्वीं एक दिवस पट्टी घालून ठेवावी, म्हणजे बोचण्याची नेमकी जागा त्यास दिसते व तो तेवढी घांसून देतो. घरीं कानसीनें किंवा चाकूनें घांसूं नये. दोन फेऱ्यांत अक्काचें काम झालें. प्रथम मऊ भात, मग पोळी, मग भाकरी; घांस लहान, आणि दोन्ही बाजूंनीं सारखा चावायचा. आज ती भाकरी खाते, काकडी चिरून खाते. ऊंस व अख्खे चणे तिच्यासाठीं संपले. तें सांगून ठेवणें बरें, नाहीं तर निराशा होते. भरिताचें बीं मात्र पट्टीखालीं शिरून फार छळतें. जळगांवांत राहून भरीत सोडावें असा सल्ला कोण देईल? जेवणानंतर पट्टी काढून चूळ भरावी, एवढेंच.

निगा थोडक्यांत. रात्रीं काढून साध्या पाण्यांत ठेवावी. कोरडी पडली किंवा गरम पाण्यांत बुडविली तर तिचा आकार बिघडतो. धुतांना खालीं पाणी भरलेली घमेली ठेवावी, म्हणजे हातांतून निसटली तरी फुटत नाहीं. साबण व मऊ ब्रश पुरे, दंतमंजनानें ओरखडे पडतात. बसवितांना बोटानें दाबावी, दांतांनीं चावून बसवूं नये, तारा वाकतात. रात्रंदिवस घालून ठेवणाऱ्यांच्या टाळूस बुरशीनें लाली येते. आणि ज्या दांतांस मिठी आहे ते सर्वांहून अधिक घांसावे, कारण कीड प्रथम तेथें लागते. महाराष्ट्रांत गुटख्यास २०१२ पासून बंदी आहे, मशेरीस नाहीं. मशेरी लावून हिरड्या घट्ट होतात ही समजूत घरांतील बायकांनीं सोडावी.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थानें जत्रेंत रस्त्याच्या कडेस बसलेल्या माणसाकडून अर्ध्या तासांत तीन दांत बसवून घेतले. जागच्या जागीं कठीण होणारा लगदा व तार शेजारच्या दांतांभोंवतीं गुंडाळून दिली होती; ती काढतां येत नसे. खालीं अन्न कुजलें, पू झाला, आणि तीन दांतांच्या पायीं आणखी चार गेले. नोंदणी नसलेल्यानें दंतवैद्यक करूं नये असा कायदा १९४८ सालींच झाला व २०२३ सालीं त्याच्या जागीं आणावयाचा नवा कायदाही संमत झाला. तथापि स्वस्त माल पाहून थांबणारे लोक आहेत तोंवर ही दुकानें मांडली जाणारच. पट्टीची खूण एवढी लक्षांत ठेवावी कीं, ती आपल्या हातानें काढतां आली पाहिजे.

एक सूचना रुग्णालयांत जाणाऱ्यांसाठीं. शस्त्रक्रियेपूर्वीं भूल देणाऱ्या डॉक्टरांस पट्टीविषयीं न विचारतां सांगावें व ती काढून नातेवाइकांपाशीं द्यावी. दोनतीन दांतांची लहान पट्टी सैल झाली असेल तर ती झोपेंतही गिळली जाते, श्वासनलिकेंत जाऊं शकते, आणि ॲक्रिलिक एक्स-रेंत दिसत नाहीं. सैल पट्टी घरांत एक दिवसही वापरूं नये. अक्काची वरची पट्टी ह्या श्रावणांत थोडी हलूं लागली, तेव्हां तिनें आपण होऊन फोन केला व एरंडोलच्या बसची वेळ विचारली.